ग्रीसला आग लागते का? स्पेलचे नियम शब्दांवरून लावायचे की हेतूवरून, ते ठरवायची पद्धत

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत आपापलं कॅरेक्टर (पात्र) खेळायचा खेळ. त्याच्या टेबलावर हा प्रसंग आज ना उद्या येतोच. विझार्ड, म्हणजे जादूगार, जिन्यावर ग्रीस हा स्पेल (मंत्र) टाकतो, चार गॉब्लिन घसरून एकमेकांवर पडतात, आणि सॉर्सररवाला, म्हणजे दुसरा जादूगार खेळणारा, लगेच म्हणतो, "आता मी त्यावर फायर बोल्ट मारतो. ग्रीस आहे म्हणजे भडकणारच." डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, पुस्तक उघडतो. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात ग्रीसच्या वर्णनात आगीचं नावही नाही. दहा फूट चौरसातली जमीन निसरडी होते, तिथून चालणं अवघड होतं, डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईने वाचण्यासाठी टाकायचा फासा, चुकला की समोरचा आडवा पडतो, एवढंच. एक पक्ष म्हणतो, लिहिलेलं नाही म्हणजे होत नाही. दुसरा म्हणतो, वंगण पेटतं हे शेंबडं पोरही सांगेल. पुढचा अर्धा तास गॉब्लिन जिन्यावर तसेच पडून राहतात.

या दोन बाजूंना खेळाडूंमध्ये ठरलेली नावं आहेत. ‘रूल्स ॲज रिटन’ म्हणजे छापलेले शब्द, आणि ‘रूल्स ॲज इंटेंडेड’ म्हणजे लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते. पाचव्या आवृत्तीचे मुख्य नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी ‘सेज ॲडव्हाइस’ या सदरात त्यांच्या जोडीला तिसरा निकषही मांडला होता: टेबलावर मजा कशाने येते. तिन्ही एकदम वापरता येतात असं म्हणणं सोपं आहे. पंचाईत होते ती क्रमाची.

माझ्या मते क्रम असा असावा. खेळाडू छापील शब्दांवर भरवसा ठेवून आपला डाव आखतो, त्यामुळे सुरुवात शब्दांपासून. हेतू आणायचा तो शब्द कुठे फसले असतील तर स्पेल सावरायला. स्पेलमध्ये नसलेली ताकद त्यात भरायला हेतूचं नाव घ्यायचं नाही. डीएमला आपला लाडका व्हिलन वाचवायचा असेल तेव्हा तर मुळीच नाही.

खालची उदाहरणं बहुतेक पाचव्या आवृत्तीतली आहेत, २०१४ ची पुस्तकं आणि २०२४ ची सुधारित पुस्तकं धरून. पुस्तकं जवळ नसली तरी अडत नाही. मूळ नियमांचं सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे एसआरडी, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतं. ५.१ ही प्रत २०१४ च्या नियमांची, ५.२ ही २०२४ च्या. पीडीएफ फोनमध्ये टाकून ठेवा, दुसऱ्या पायरीत ती फार कामाला येते.

पायरी १: आधी पूर्ण स्पेल वाचा, आणि मोठ्याने

निम्मी भांडणं इथेच मिटतात. कारण बहुतेक वेळा कोणीच स्पेल वाचलेला नसतो. कोणाला तो मागच्या कॅम्पेनमधून (अनेक बैठकी चाललेल्या कथानकातून) आठवत असतो, कोणी व्हिडिओत पाहिलेला असतो, कोणी व्हिडिओ गेममध्ये वापरलेला असतो. म्हणून स्पेल टाकणाऱ्यानेच पुस्तकातल्या ओळी जशाच्या तशा वाचून दाखवायच्या. "म्हणजे थोडक्यात काय होतं..." असं सुरू झालं की थांबवा. थोडक्यात सांगताना नेमकी अटच गळते.

वाचताना नुसतं वर्णन वाचून भागत नाही. वरच्या चार ओळी, म्हणजे कास्टिंग टाइम, रेंज, कंपोनंट आणि ड्युरेशन, हा नियमाचाच भाग आहे. त्यानंतर तीन गोष्टी शोधा. लक्ष्य कोण आहे, जीव की वस्तू की जागा? ते लक्ष्य दिसायला हवं असं म्हटलंय का? आणि समोरच्याला सेव्ह किंवा अटॅक रोल (हल्ला लागला का ते ठरवणारा फासा) आहे का?

लक्ष्याचा फरक किती मोठा असतो बघा. २०१४ मध्ये फायर बोल्ट जीवावर किंवा वस्तूवर मारता येतो. एल्ड्रिच ब्लास्ट मात्र फक्त जीवावर. म्हणजे तो टाकणाऱ्या वॉरलॉक या जादूगाराला शब्दशः बंद दार फोडता येत नाही. त्यावरून एक जुनी शक्कलही निघाली होती: पेटीवर ब्लास्ट मारून बघायचा, लागला तर ती पेटी नसून मिमिक, म्हणजे पेटीचं सोंग घेतलेला राक्षसी जीव, आहे. असा स्पेल पेटी आणि मिमिक ओळखण्याचं यंत्र होत असेल तर काहीतरी बिघडलंय हे उघड आहे. २०२४ मध्ये एल्ड्रिच ब्लास्टच्या लक्ष्यात वस्तूही आली आणि ती शक्कल संपली.

स्पेलच्या मजकुराबाहेरचे नियमही शब्दांतच धरायचे असतात, हे लोक विसरतात. ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ घ्या. पहिल्या लेव्हलचा हा साधा स्पेल रेंजमधल्या एखाद्या उघड्या भांड्यात दहा गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण अडतीस लिटर, स्वच्छ पाणी तयार करतो. जगभरातल्या टेबलांवर कोणीतरी कधी ना कधी विचारलेलं आहे: "फुप्फुस हे उघडं भांडंच आहे ना? नाक-तोंड उघडं आहे. मग मी ओग्रच्या फुप्फुसात पाणी भरतो."

इथे डीएम लगेच हेतूवर उडी मारतो: "असं काही अभिप्रेत नाही." बरोबर आहे, पण त्याची गरज नाही. स्पेलकास्टिंगच्या प्रकरणातच लिहिलंय की लक्ष्यापर्यंत मोकळा मार्ग हवा आणि ते पूर्ण आडोशाच्या मागे असता कामा नये. छातीच्या पिंजऱ्यातली जागा आडोशामागेच असते. वाद संपला, आणि तोही शब्दांवर. खेळाडूलाही राग येत नाही, कारण त्याला "तू आगाऊपणा करतोस" असं ऐकावं लागलं नाही.

त्याच उदाहरणात आणखी एक खूण सापडते. ज्या स्पेलने जीवाला इजा व्हावी असं लिहिणाऱ्याला वाटतं, त्यात तो जवळजवळ नेहमीच सेव्ह, अटॅक रोल किंवा हिट पॉइंटची (अंगात किती जीव उरलाय त्या आकड्याची) मर्यादा ठेवतो. सेव्हशिवाय थेट मारणारा ‘पॉवर वर्ड किल’ नवव्या लेव्हलचा आहे, आणि त्यालाही शंभर हिट पॉइंटची अट आहे. पहिल्या लेव्हलच्या पाण्याच्या स्पेलमध्ये हे काहीच नाही, तेव्हा तो मारण्यासाठी नाही.

पायरी २: त्याच पुस्तकातले शेजारी तपासा

हेतू कळायला लेखकाच्या मनात शिरावं लागत नाही. त्याच हाताने बाकीचे शेकडो स्पेल लिहिलेत. तिथे तो काय लिहितो आणि काय गाळतो, त्यावरून त्याची सवय कळते.

आता जिन्यावर परत जा. एसआरडी ५.१ च्या पीडीएफमध्ये ‘फ्लेमेबल’ हा शब्द शोधा. फायरबॉल, लाइटनिंग बोल्ट, बर्निंग हँड्स: कोणी अंगावर घातलेल्या किंवा हातात धरलेल्या नसलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात, असं प्रत्येकात स्पष्ट आहे. मग ‘वेब’ बघा. तिथे लिहिलंय की जाळं ज्वलनशील आहे, आगीशी संबंध आला की त्याचा पाच फुटी घन एका राउंडमध्ये (लढाईच्या एका फेरीत) जळून जातो, आणि त्या आगीत ज्याची पाळी सुरू होते त्याला २डी४, म्हणजे चार बाजूंच्या दोन फाशांइतकं, नुकसान होतं. म्हणजे एखादी गोष्ट पेटावी असं वाटलं तेव्हा लिहिणाऱ्याने ते सांगितलं, किती वेळ पेटेल ते सांगितलं आणि किती भाजेल तेही सांगितलं. ग्रीसमध्ये यातलं काहीच नाही.

इथे मी एक साधी कसोटी लावतो. स्पेल चालवायला डीएमला स्वतः नुकसानीचा आकडा रचावा लागतोय का? लागत असेल तर तुम्ही स्पेल वाचत नाही, नवा लिहिताय. ग्रीस पेटतं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, किती? १डी६? ३डी६? दर राउंडला? उत्तर पुस्तकात नाही. म्हणून २०१४ च्या नियमांनीही माझ्या टेबलावर ग्रीस पेटत नाही. २०२४ च्या पुस्तकात तर वर्णनाची सुरुवातच ते वंगण ज्वलनशील नसल्याचं सांगून होते, तेव्हा तिथे प्रश्नच उरला नाही.

सॉर्सररवाल्याची हौस भागवायची असेल तर पुस्तकात सोय आहे. तेलाची कुपी, किंमत एक चांदीचं नाणं. ती ओतली की पाच फूट चौरस भिजतो, पेटवली की दोन राउंड जळते आणि पाच नुकसान होतं. अर्थात जमीन सपाट हवी अशी अट त्यातही आहे, त्यामुळे जिन्यावर तेही शब्दशः बसत नाही. जिन्याच्या एका पायरीवर तेल टिकेल असं मी तरी मान्य करेन. अट कशासाठी आहे ते स्पष्ट दिसतंय: उतारावरून तेल वाहून जाऊ नये.

शेजारी तपासण्याचं दुसरं चांगलं उदाहरण अदृश्यपणाचं आहे. २०१४ मध्ये ‘इनव्हिजिबल’ या कंडिशनखाली दोन मुद्दे होते. पहिला: जादूशिवाय किंवा खास इंद्रियाशिवाय तो दिसत नाही. दुसरा: त्याच्यावरच्या हल्ल्याला डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा धरायचा), त्याच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (मोठा आकडा धरायचा). दुसऱ्या मुद्द्यात ‘तो दिसत नसेल तर’ अशी अट नव्हती. त्यामुळे तुम्ही ‘सी इनव्हिजिबिलिटी’ टाकलात, शत्रू तुम्हाला लख्ख दिसायला लागला, तरी शब्दशः तुमच्या हल्ल्याला डिसॲडव्हांटेज कायम. ऐकणारा डोक्याला हात लावतो. पण शेजारचा ‘फेअरी फायर’ बघा. त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रभावित जिवाला अदृश्यपणाचा फायदा मिळत नाही. म्हणजे फायदा काढून घ्यायचा तिथे लेखक तसं लिहितो, आणि सी इनव्हिजिबिलिटीत तसं लिहिलेलं नाही. शेजारी इथे शब्दांच्याच बाजूने साक्ष देतो.

तरीही माझा निर्णय उलटा असे. दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) खर्चून, शत्रू समोर दिसत असूनही चाचपडत मारायचं असेल, तर तो स्पेल कोणी का घ्यावा? शेजाऱ्याचा पुरावा महत्त्वाचा, पण स्पेल मुळात ज्या कामासाठी आहे तेच होत नसेल तर पुरावा मागे पडतो. २०२४ च्या पुस्तकात ती गाळलेली अट आली: समोरच्याला तुम्ही कसेही दिसत असाल, तर त्याच्याविरुद्ध तुम्हाला हा फायदा नाही.

पायरी ३: शब्द स्पेललाच मारतायत का, ते बघा

हेतूला पूर्ण अधिकार द्यायची जागा ही. ‘डिसइंटिग्रेट’चं वर्णन सांगतं की बोटातून निघालेला हिरवा किरण रेंजमधल्या, तुम्हाला दिसणाऱ्या लक्ष्यावर जातो. लक्ष्य जीव असेल, वस्तू असेल किंवा जादुई शक्तीची निर्मिती असेल, उदाहरणार्थ ‘वॉल ऑफ फोर्स’ने उभी केलेली भिंत. आता वॉल ऑफ फोर्स उघडा. पहिल्याच ओळीत: ती भिंत अदृश्य आहे. पुढे असंही आहे की डिसइंटिग्रेट तिचा तत्काळ नाश करतो.

शब्दशः घेतलं तर जी भिंत फोडण्याचं उदाहरण स्पेलने स्वतःच दिलंय, तीच दिसत नाही म्हणून तिच्यावर किरण मारता येत नाही. दोन्ही स्पेल एकमेकांचं नाव घेतायत आणि ‘दिसणाऱ्या’ हा एकच शब्द दोघांनाही खोटं पाडतोय. इथे वाद घालू नका. भिंत फुटते. ती कुठे आहे हे कॅरेक्टरला ठाऊक असलं, समजा बाण हवेत आपटून खाली पडला, की पुरे. २०२४ च्या मजकुरातही हे ‘दिसणारं’ लक्ष्य तसंच आहे, त्यामुळे हा निर्णय आजही लागतो.

डिसइंटिग्रेटचीच आणखी एक गंमत. सुरुवातीच्या छपाईत असं होतं की या नुकसानीने लक्ष्याचे हिट पॉइंट शून्यावर आले की त्याची राख होते. मग अस्वलाच्या रूपातल्या ड्रुइडचं, म्हणजे प्राण्यांची रूपं घेणाऱ्या जादूगाराचं, काय? अस्वलाचे पॉइंट शून्य झाले की ड्रुइड मूळ रूपात परततो, उरलेलं नुकसान सोसतो आणि लढत राहतो, हा २०१४ चा वाइल्ड शेपचा (रूप बदलण्याचा) नियम. पण शब्दशः तो अस्वल असतानाच राख झाला होता. नंतरच्या दुरुस्तीत वाक्य बदललं: नुकसानीनंतर लक्ष्य शून्य हिट पॉइंटवर *उरलं* तर राख. एका क्रियापदाने कित्येक ड्रुइड वाचले. तुमच्या कपाटातली प्रत कुठल्या छपाईची आहे हेही वादाआधी बघावं, ते यासाठी.

भौतिकशास्त्र मध्येच आणू नका

याला पायरी म्हणणार नाही, पण हे टाळलंत तर वाद भरकटतो. शब्द सोयीचे असतील तोवर शब्द, आणि शेवटी अचानक न्यूटन, अशी सरमिसळ चालत नाही. ‘पेझंट रेलगन’ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. दोन-अडीच हजार शेतकरी एका रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने रेडी ॲक्शन (ठरलेला क्षण आला की लगेच करायची कृती) घेऊन भाला पुढच्याच्या हाती द्यायचा. एका राउंडचे सहा सेकंद, म्हणजे नियमांनी भाला सहा सेकंदांत मैलोन्‌मैल गेला. आता शेवटच्या शेतकऱ्याने सोडलेल्या भाल्याचा वेग मोजा आणि ड्रॅगन उडवा! पण नियमांनीच भाला पोचवलात तर नुकसानही नियमांनीच: फेकलेला भाला, १डी६. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये या क्लृप्तीचा थेट उल्लेख आहे आणि नियम म्हणजे त्या जगाचं भौतिकशास्त्र नव्हे, असं स्वच्छ सांगितलंय.

उलट बाजूही आहे: कधीकधी भौतिकशास्त्र नियमातच लिहिलेलं असतं. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेअर्स हँडबुकात खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी फायरबॉलचं आकारमान दिलं होतं, साधारण ३३,००० घनफूट, आणि तो गोळा जागेच्या आकाराप्रमाणे पसरे. वीस फूट त्रिज्येच्या गोलाचा हिशेब केला की तेवढंच येतं. दहा बाय दहा फुटांच्या बोळात तो सोडलात तर आगीला ३३० फूट लांबी लागणार. पुढचा रस्ता बंद असेल तर ती सगळी मागे, तुमच्याच अंगावर. जुने खेळाडू बोळात फायरबॉल टाकताना अजून बिचकतात ते उगाच नाही. २०१४ च्या पुस्तकातला फायरबॉल मात्र वीस फुटी गोलातच राहतो. कोपऱ्यावरून वळतो, पण फुगत नाही. "खरं तर आग मागे यायला हवी" हा युक्तिवाद १९७८ मध्ये नियम होता, २०१४ मध्ये नाही.

पायरी ४: अवाच्या सवा मिळत असेल तर हात आखडता घ्या

पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, संदिग्ध नियमांविषयी एक चौकट दिलीय. नियमाचे दोन अर्थ निघत असतील आणि त्यातला एक विश्वास बसू नये इतका फायद्याचा असेल, तर बहुधा तो चुकीचा. कुठल्याही सिस्टिममध्ये चालेल असा हा सल्ला आहे. फक्त एक लक्षात ठेवा: तो *संदिग्ध* मजकुरासाठी आहे. मजकूर स्पष्ट असेल आणि फायदा मोठा असेल, तर ती वेगळी गोष्ट.

‘गुडबेरी’चं बघा. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये दहा बोरं, प्रत्येक बोराने एक हिट पॉइंट. लाइफ डोमेनच्या क्लेरिकला, म्हणजे जखमा भरण्यात तरबेज पुजाऱ्याला, २०१४ मध्ये ‘डिसायपल ऑफ लाइफ’ मिळायचं: पहिल्या किंवा वरच्या लेव्हलच्या स्पेलने कोणाचे हिट पॉइंट भरलेत, की त्याला आणखी दोन अधिक स्पेलची लेव्हल एवढे मिळतात. क्लेरिक आणि ड्रुइड एकत्र केलेल्या कॅरेक्टरच्या हातात प्रत्येक बोर चार पॉइंटचं झालं. दहा बोरांचे चाळीस, पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटमधून. अनेक डीएमनी हे हेतूविरुद्ध म्हणून धुडकावलं. पण सेज ॲडव्हाइसने उत्तर दिलं, हो, असंच होतं.

इथे शब्द स्पष्ट होते, म्हणून माझ्या टेबलावर ते चालत आलंय. २०१४ च्या नियमांत लढाईत एक बोर खायला अख्खी ॲक्शन जाते, चार पॉइंटसाठी ती कोण घालवेल? लढाई संपल्यावर चाळीस पॉइंट भरून निघतात, ही सोय खरी, पण त्यासाठी खेळाडूने दोन क्लासमध्ये लेव्हल वाटल्यात. तुमच्या कॅम्पेनमध्ये हिट पॉइंट जपून वापरणं हाच खेळ असेल, म्हणजे आठवडाभर जंगलात, विश्रांती दुर्मीळ, तर खुशाल बंद करा. मात्र बंद करताना "नियम असाच आहे" म्हणू नका. "हा आपल्या टेबलाचा नियम" म्हणा. या दोन वाक्यांत फार फरक आहे आणि खेळाडूंना तो बरोबर कळतो. २०२४ मध्ये हा जादा फायदा स्पेल टाकला त्याच पाळीपुरता झाला, आणि बोरांची चंगळ संपली.

पायरी ५: काही स्पेल मुद्दाम तुमच्याकडे बघतात

सगळेच स्पेल बंद पेटीसारखे नसतात. २०१४ च्या ‘सजेशन’मध्ये सुचवलेली गोष्ट वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडायला हवी. वाजवी म्हणजे किती? तिथे उदाहरणच दिलंय: एखाद्या सरदाराला, वाटेत भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला तुझा लढाऊ घोडा देऊन टाक, असं सुचवता येतं. डीएम म्हणत असेल की "पहारेकरी आपली जागा सोडून दोन मिनिटं चहाला जाईल हे वाजवी नाही", तर त्याने हे उदाहरण पुन्हा वाचावं. घोडा भिकाऱ्याला देणं चालतं, तिथे चहा कसा चालत नाही? नियमातलं उदाहरण ही मापाची पट्टी असते, आणि ती बहुतेक वेळा डीएमला वाटते त्यापेक्षा लांब असते.

‘विश’ मात्र एकदम दुसऱ्या टोकाला. तिथे शब्दशः वाचायची मुभा पुस्तकच डीएमला देतं. व्हिलन मेलेला असावा अशी इच्छा केलीत तर तुम्ही कदाचित भविष्यात फेकले जाल, जिथे तो हयात नाही, असं उदाहरण त्यातच छापलंय. हिरण्यकशिपूची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींना हे समजवावं लागत नाही. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, असं घोकून वर मागितला तरी उंबरा आणि तिन्हीसांज राहूनच गेली.

पण डीएम इथे हावरेपणा करतात. विशमध्ये तीन पातळ्या आहेत. आठव्या लेव्हलपर्यंतच्या स्पेलची नक्कल केली तर काहीच वाकडं होत नाही. पुस्तकात यादी केलेल्या गोष्टी, जसं पंचवीस हजार सुवर्णनाण्यांपर्यंतची एखादी साधी वस्तू, मागितल्या तर त्या मिळतात. किंमत म्हणून शरीरावर ताण येतो आणि विश पुन्हा कधीच टाकता न येण्याची ३३ टक्के शक्यता असते. शब्दांचे पेच टाकायची मोकळीक आहे ती या यादीपलीकडच्या इच्छांसाठी. मागणी जितकी मोठी तितका पेच मोठा. कोणी मेलेल्या मित्राला ‘रिझरेक्शन’ने उठवायला विश वापरत असेल आणि तुम्ही त्याला झॉम्बी करून परत आणलंत, तर तुम्ही ना शब्द पाळलेत ना हेतू.

पायरी ६: निर्णय देताना

वेळ दोन मिनिटं. तेवढ्यात पहिल्या दोन पायऱ्या होतात. नाहीच झाल्या, तर संशयाचा फायदा खेळाडूला द्या आणि सेशननंतर बघू म्हणा. अपवाद एकच: निर्णयाने दुसऱ्या खेळाडूचं कॅरेक्टर मरत असेल किंवा त्याचा खास स्पेल निकामी होत असेल, तर लगेच हो म्हणू नका.

मग उलट प्रश्न विचारा. हा मला फार आवडतो:

"चालेल. पण मग गॉब्लिनांचा शामानही हेच करू शकतो. चालेल?"

"म्हणजे आमच्या फुप्फुसात पाणी?"

"हो ना. त्याच्याकडेही पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट आहेत."

"नको, राहू दे. बादलीत भर."

निर्णय खेळाडूच्या विरुद्ध गेला तर स्लॉट खर्च झाला असं धरू नका. विझार्डने आयुष्यभर जादूचा अभ्यास केलाय. स्पेल कसा चालतो हे त्याला ठाऊक आहे, गैरसमज खेळाडूचा झालाय. ॲक्शन परत घेऊ द्या, दुसरं काही करू द्या. निर्णय दिल्यावर तो एका वहीत लिहा: स्पेल, प्रश्न, निर्णय, आणि तो पुस्तकाचा की टेबलाचा. गल्ली क्रिकेटमध्ये एक टप्पा आऊट आहे की नाही हे टॉसआधी ठरतं, पहिली विकेट पडल्यावर नाही. ही वहीही पुढच्या कॅम्पेनच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचायची असते.

खेळाडूंसाठी एवढंच: शक्कल सुचली तर ती सेशनच्या आधी डीएमला मेसेज करा. ऐन लढाईत सर्वांसमोर उघड केलेली शक्कल डीएमला सापळा वाटते, आणि सापळ्यात अडकलेला माणूस नको तितका कडक होतो. चांगली शक्कल आधी विचारली तरी चांगलीच राहते.

दोन आवृत्त्यांची पुस्तकं एकाच टेबलावर असतील तर

सध्या बऱ्याच ग्रुपांमध्ये हीच परिस्थिती आहे. कोणाकडे २०१४ चं हँडबुक, कोणाकडे २०२४ चं. जुना मजकूर अडला की नवा उघडून "बघा, हाच हेतू होता" म्हणायचा मोह होतो. काही ठिकाणी ते पटतं. ग्रीस आणि इनव्हिजिबल या दोन्हींत नवा मजकूर जुन्याची फट बुजवतो, तेव्हा तो पुरावा म्हणून वापरायला हरकत नाही.

‘कमांड’बाबत मात्र हे चालणार नाही. २०१४ मध्ये एका शब्दाची कुठलीही आज्ञा देता यायची, आणि पुस्तकातल्या पाच सोडून दुसरी दिलीत तर परिणाम डीएमने ठरवायचा. २०२४ मध्ये फक्त तेच पाच पर्याय उरले: जवळ ये, हातातलं टाक, पळ, लोटांगण घाल, थांब. ही फट बुजवणं नव्हे, स्पेलच बदललाय. जुन्या पुस्तकावर कॅरेक्टर बांधलेल्या क्लेरिकला कॅम्पेनच्या मध्यावर "मूळ हेतू पाचच आज्ञांचा होता" असं सांगणं चूक आहे. २०२४ चा कमांड आणायचा असेल तर तो टेबलाचा निर्णय म्हणून वहीत लिहा, पुढच्या लेव्हलपासून लागू करा, आणि क्लेरिकला त्याच्या जागी दुसरा स्पेल निवडायचा असेल तर निवडू द्या.